संगमावरची रेघ

आमच्या घरात अख्खा हिंदुस्थान एका पाटावर मावायचा. पाट साधा आंब्याच्या लाकडाचा होता, एका कडेला चिरलेला. माझे सासरे, मामंजी, तो पुढच्या खोलीत सतरंजीवर ठेवायचे आणि समोर बसलेल्या मंडळींना म्हणायचे, "हं, बोला. कुठं कुठं जायचं?" काशी म्हटलं की पाटावर एक सुपारी ठेवली जाई. रामेश्वर म्हटलं की दुसरी, पाटाच्या पार खालच्या टोकाला. मग पुरी, गया, उज्जैन, द्वारका. दोन सुपाऱ्यांच्या मधे जितक्या रात्री गाडीत काढायच्या तितके ज्वारीचे दाणे पडत. बोलणं संपेपर्यंत पाटावर इतके दाणे झालेले असत की चिमण्या उंबऱ्यापर्यंत येऊन बसत.

हा आमचा यात्रेचा धंदा. नगरला माळीवाड्याच्या बाजूला दोन खोल्या होत्या. पुढची यात्रेची, मागची संसाराची, आणि मधे दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. बांगलादेशच्या लढाईच्या आदल्या वर्षी मी लग्न होऊन या घरात आले. माझं माहेर श्रीगोंद्याकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. सासरची मंडळी मूळची पाथर्डीकडची, कोरडवाहू. मी भांडी घासताना दोन तांबे पाणी जास्त ओतलं की सासूबाई म्हणायच्या, "हिच्या माहेरी पाट वाहतो, हिला काय त्याचं." त्यात राग नसायचा, पण तांब्या मात्र हातातून काढून घेतला जायचा. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

मामंजींनी उमेदीची वर्षं लष्कराच्या भटारखान्यात काढली होती. पलटण जाईल तिकडे कढया घेऊन जायचं. त्यामुळे कुठली गाडी कुठे थांबते, कुठल्या स्टेशनावरचं पाणी गोडं आणि कुठल्या धर्मशाळेत ढेकूण, हे सगळं त्यांना पाठ. पेन्शनीत आल्यावर गावाकडची चार माणसं म्हणाली, आम्हाला काशीला न्या. नेलं. मग लोक येतच राहिले.

पुण्या-मुंबईच्या यात्रा कंपन्या तेव्हाही होत्या. त्यांचं सगळं छापील असायचं. अमुक दिवशी इथे, तमुक दिवशी तिथे, पटत असेल तर या. मामंजी म्हणायचे, "त्यो दुकानातला तयार सदरा. बाह्या आखूड झाल्या तर हात आखूड करायचे. आपलं शिंप्याचं काम हाय. माप घेऊन शिवायचं." म्हणून तो पाट. येणारी बहुतेक माणसं निरक्षर, पण सुपाऱ्या आणि दाणे कुणालाही कळत. दाणे फार झाले की मंडळी एकमेकांकडे बघत आणि कुणीतरी हळूच म्हणे, "द्वारकेची उचला हो. किसनदेव काय रागवायचा न्हाई." असं भांडत, देवांची मनधरणी करत ज्याची त्याची यात्रा तयार व्हायची.

आणि सगळ्यात शेवटी मामंजी एक सुपारी मांडायला सांगायचे ती देवाची नसायची. तिला ते मनाची सुपारी म्हणत. देवदर्शन सोडून मनात काय आहे ते सांगा, वाटेवर असलं तर दाखवू. श्रीगोंद्याच्या एका मंडळीला उत्तरेतला साखर कारखाना बघायचा होता, त्याची चिमणी आपल्या कारखान्यापेक्षा उंच आहे का तेवढंच. आखूड निघाली म्हणून ते लोक काशीपेक्षा खूश होऊन आले. पाथर्डीचा एक ऊसतोडीचा मुकादम होता. तो बराच वेळ पागोटं खाजवत बसला आणि म्हणाला, "असं एक गाव दाखवा जिथं आमाला कोन काम सांगनार न्हाई." मामंजींनी त्या सगळ्यांना ओंकारेश्वरी नर्मदेच्या काठावर दिवसभर नुसतं बसवून ठेवलं. पण मनाची सुपारी शेवटी मांडलेली असायची, म्हणून दाणे जास्त झाले की पहिली उचलली जायची तीच. देवाची उचलायला भीती वाटते, मनाची उचलायला कुणाला भीती वाटत नाही.

आत्याबाई या वेळी पडद्यामागे असायच्या. यात्रेच्या शिदोरीसाठी दशम्या लाटणं, शेंगदाण्याची चटणी कुटणं, ही सगळी कामं त्यांची. हात चालू आणि कान बाहेर. प्रयागची सुपारी मांडली गेली की त्यांचं लाटणं थांबायचं, कारण मामंजींचं एक ठरलेलं बोलणं तेव्हा सुरू व्हायचं. "दोन नद्या येत्यात," मामंजी सांगायचे. "गंगंचं पानी ताकाच्या रंगाचं. यमुनंचं हिरवं-काळं, मोराच्या मानंवानी. दोन्ही एका जाग्याला येत्यात पन लगीच मिसळत न्हाईत. मधी रेघ दिसती. सुतारानं दोरी मारून आखल्यावानी." मंडळी 'आँ' करून ऐकत. हे बोलणं मी पहिल्या सहा महिन्यांतच पाठ केलं. आत्याबाईंनी ते किती वर्षं ऐकलं असेल कोण जाणे.

मग ते वेणीदानाचं सांगायचे. संगमावर नवरा आपल्या बायकोची वेणी घालतो, शेंडा कातरतो आणि पाण्यात सोडतो. तो बुडतो म्हणतात. नवराबायकोनं जोडीनंच करायचं, एकट्या बाईला ते नाही. हे ऐकलं की बायका तोंडाला पदर लावत आणि पुरुष खोकायला लागत. जन्मात बायकोच्या डोक्याला हात न लावलेले ते गडी. मामंजींच्या पिशवीत त्यासाठी एक कात्री कायम असायची, आणि नावेत बसून ते त्या गड्यांना शिकवायचे: "तीन पेड करा, तीन. दावं वळता न्हवं? तसंच."

मंडळी उठून गेली की आत्याबाई हात पुसत बाहेर यायच्या. पाट अजून उचललेला नसायचा. डब्यातली एक सुपारी घेऊन त्या प्रयागच्या जागी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ही माझी. मनाची."

"पुढच्या खेपंला," मामंजी म्हणायचे.

तुम्ही म्हणाल, यात्रेवाल्याच्याच बायकोला प्रयाग दाखवायला काय अडचण? मलाही हाच प्रश्न पडायचा. मी तोंडाची फटकळ, एकदा विचारलंच. तर कळलं की अडचण दोघांच्या हट्टाची होती. मंडळीबरोबर गेल्या असत्या तर आत्याबाईंना सबंध वाट चूल फुंकावी लागली असती. त्या म्हणायच्या, "वाढपी म्हनून न्हाई जायची मी. जाईन तर नुसती जाईन, खिडकीत बसून." मामंजींनाही ते पटायचं. बायकोला न्यायचं तर निवांत, जोडीनं, दुसरं कुणी सोबत नको. आणि निवांतपणा काही येत नव्हता, कारण एक मंडळी परतली की दुसरी दारात उभीच असायची.

आत्याबाईंना देव नको होते, बरं का. चार देव त्यांच्या कोनाड्यात होते, तेवढे पुरेसे होते. त्यांना रेघ बघायची होती. "दोन पान्यांच्या मधी रेघ म्हंजी काय गं?" त्या मला विचारायच्या. मी उसाच्या पट्ट्यातली, पाण्याबद्दल मला कळतं असा त्यांचा समज. मी सांगायची, "मला काय ठाऊक आत्याबाई, आमच्या पाटात एकच पाणी असतं." त्यावर त्या हसायच्या आणि पुन्हा दशम्या लाटायला घ्यायच्या.

डोळ्यांचं कधी सुरू झालं ते नक्की सांगता येत नाही. आधी त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागायला लागला, नेहमी उजवा. मग दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं म्हणाल्या. डोकं दुखायचं, कपाळाला सुंठ लावून पडून राहायच्या. समोरचं दिसायचं, पण बाजूला ठेवलेला तांब्या लाथाडला जायचा. आणि मग शेजारणी जमल्या. आमच्या गल्लीत डॉक्टर नव्हता, पण डॉक्टरकीला तोटा नव्हता. एकीनं पापणी वर करून बघितलं आणि सांगून टाकलं, मोतीबिंदू. दुसरी म्हणाली, अजून कच्चा आहे. तिसरी म्हणाली, कच्चा काढला की डोळाच जातो, माझ्या चुलतसासूचा गेला, पिकू द्यायचा असतो तो. झालं. आंबा पिकू द्यावा तसा आम्ही मोतीबिंदू पिकू द्यायला ठेवला. तेव्हा सगळे तसंच करत. अगदी शहाणी माणसंसुद्धा म्हणत, घाई करू नका, पिकू द्या.

मामंजींना तर त्यात बेत सापडला. दरवर्षी थंडीत पाथर्डीला डोळ्यांचं शिबिर भरायचं. मोतीबिंदू पुरता पिकला की शिबिरात काढायचा, जाड काचेचा चष्मा घ्यायचा आणि मग संगम. "आत्ता नेली तर धुरकाट दिसंल," ते म्हणायचे. "रेघ बगायची तर डोळं लख्ख पाहिजेत. एकदाच जायाचं हाय. नीट दाखवतो तुला." आणि आत्याबाईंना ते पटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'पुढच्या खेपेला' याला काहीतरी कारण मिळालं होतं, आणि ते कारण मायेचं होतं. मला आजही राग येतो, पण तो कुणावर काढू? त्या माणसानं उशीर केला तो बायकोला चांगलं दिसावं म्हणून.

त्यात दुष्काळ आला. कोण यात्रेला जाणार? पाथर्डीकडची आमची गिऱ्हाइकं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. तो मुकादम एकदा घरी आला, पाणी प्याला, भिंतीला टेकवलेल्या पाटाकडे बघून म्हणाला, "आता सगळीकडंच काम हाय आमाला." सुपाऱ्यांच्या डब्याला भुंगा लागला. माझे यजमान गॅरेजमध्ये कामाला होते, त्यांच्या पगारावर घर चाललं. मामंजी दिवसभर पुढच्या खोलीत बसून राहायचे, कुणी येईल म्हणून. आता निवांतपणा हवा तेवढा होता. पण संगमाचं काढलं की म्हणायचे, "पिकत आलाय. एवढी थंडी जाऊ दे. पुढच्या शिबिराला पक्का."

आत्याबाईंना त्या वर्षात भाकरीच्या पिठाचा रंग कळेनासा झाला. बाजरी की ज्वारी ते हातानं ओळखायच्या. मी सुईत दोरा ओवून द्यायला लागले. एकदा संध्याकाळी पाणी आणून आत आले तर त्या पुढच्या खोलीत जमिनीवर बसून पाट चाचपत होत्या. चिरलेली कड शोधत होत्या, म्हणजे वरची बाजू कुठली ते कळेल. मी चाहूल लागू दिली नाही असं मला वाटलं, पण त्या म्हणाल्या, "व्हय गं, प्रयाग काशीच्या वर का खाली?" मी म्हटलं, "काशीच्या अलीकडे, आत्याबाई." त्यांनी तिथे बोट टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

पाऊस झाला, दुष्काळ हटला, आणि मग ते शिबिर आलं. शाळेच्या ओसरीवर म्हाताऱ्या माणसांच्या रांगा लागल्या होत्या. मामंजींनी नवं धोतर नेसलं होतं, मुंजीला निघाल्यासारखं. शिबिरातच राहावं लागेल म्हणून मी पांघरूण, तांब्या, साबण असं सगळं बांधून घेतलं होतं. डॉक्टर तरुण होता, सावकाश बोलणारा. त्यानं बॅटरीनं डोळ्यांत बघितलं. मग आत्याबाईंना खाली बघायला सांगून पापण्यांवरून बोटांनी डोळे हळूच दाबून बघितले, आपण फळ बघतो तसे. एकदा, पुन्हा एकदा. मग त्यानं मामंजींना जवळ बोलावलं.

"बाबा, हा मोतीबिंदू नाही," तो म्हणाला. "काचबिंदू आहे."

"पिकलाय का पन?" मामंजींनी विचारलं.

"हा पिकत नसतो. हा आतून नजर खात जातो. आधी आणलं असतं तर जेवढी होती तेवढी राखता आली असती. गेलेली परत येत नाही."

मामंजी म्हणाले, "थोडी तरी? एकदा बगन्यापुरती?" डॉक्टरनं मान हलवली. दुखणं कमी व्हायला थेंब दिले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्याचा दोष नव्हता, रांग मोठी होती.

येताना एस.टी.त आत्याबाईंनी खिडकी मागितली. सवयच ती. मामंजी त्यांच्या शेजारी बसले आणि गाडी पाथर्डीच्या वेशीबाहेर पडते न पडते तोच रडायला लागले. आवाज न करता, उपरण्याचा बोळा तोंडात धरून. त्यांना वाटलं बायकोला कळत नाही. आत्याबाई तोंड खिडकीकडेच ठेवून म्हणाल्या, "तुमी तरी रडून डोळं घालवू नका आता. घरात येक जोडी असू द्या." मागच्या बाकावर माझ्या मांडीत ते बांधलेलं पांघरूण होतं. मी त्यात तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी पाट धुतला, पुसला आणि पुढच्या खोलीत सतरंजीवर मांडला. आत्याबाईंचा हात धरून त्यांना समोर बसवलं, गिऱ्हाईक बसतं त्या जागी. स्वतः आपल्या जागेवर बसले आणि म्हणाले, "हं, बोला. कुठं कुठं जायचं?"

"कशाला आता," आत्याबाई म्हणाल्या.

"मांडा आत्याबाई," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, चढू दे. "इतक्या लोकांनी इथं बसून मांडल्या. तुम्ही मांडा."

त्यांनी सुपारी घेतली. हात पुढे नेला, पाटाची कड शोधली, पण अंदाज चुकला आणि सुपारी पाटाच्या बाहेर सतरंजीवर पडली. मामंजींनी सुपारी उचलली नाही. त्यांनी पाटच उचलला, सुपारीच्या शेजारी टेकवला आणि अलगद सरकवत ती सुपारी वर घेतली. "बराबर पडली," ते म्हणाले. एकच सुपारी. एवढी सुटसुटीत यात्रा त्या पाटावर कधी मांडली गेली नव्हती.

फाल्गुनात आम्ही तिघं निघालो. मी सोबतीला, कारण बाईमाणसाच्या गोष्टी असतात. मनमाडला गाडी बदलली. आत्याबाई खिडकीत बसल्या, अगदी म्हणाल्या होत्या तशा, नुसत्या. चूल नाही, दशम्यांचं गाठोडं नाही, विकतचं खाल्लं. मामंजींना मात्र बरोबर मंडळी नाही ही सवय नव्हती. प्रत्येक स्टेशनावर गाडी सुटली की ते डब्यात मागे वळून माणसं मोजायला लागायचे आणि मग पुन्हा खिडकीकडे वळायचे. आत्याबाई विचारायच्या, "काय हाय भाईर?" ते म्हणायचे, "शेतं." पुन्हा विचारलं की पुन्हा, "शेतं." ज्या माणसाच्या बोलण्यावर खेड्यातले लोक घरदार सोडून हजार कोस निघायचे, त्याला खिडकीतलं एक शेत नीट सांगता येत नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि चीडही आली.

संगमावर नाव केली. सकाळची वेळ, ऊन कोवळं. नावाड्यानं वल्ही थांबवली आणि हातानं दाखवलं. रेघ खरंच होती. मी बघितली. मी बघितली आणि मला वाटलं, ही मला का दिसतेय, मी तर मागितली नव्हती.

आत्याबाई म्हणाल्या, "आलं व्हय?"

"आलं," मामंजी म्हणाले, आणि त्यांचा तो ठरलेला आवाज सुरू झाला. "दोन नद्या येत्यात. गंगंचं पानी ताकाच्या रंगाचं. यमुनंचं हिरवं-काळं, मोराच्या..."

"त्ये ठावं हाय मला," आत्याबाईंनी त्यांना मधेच थांबवलं. "पडद्याआडनं लई येळा ऐकलंय. आज काय दिसतंय त्ये सांगा."

मामंजी नावेच्या कडेला सरकले. त्यांनी पाण्याकडे बघितलं. नाव हलत होती, पाणी फळ्यांना लागून आवाज करत होतं. ते इतका वेळ बघत राहिले की नावाड्यानं माझ्याकडे भुवया उडवून विचारलं, काय झालं. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.

"सरळ न्हाई गं," मामंजी शेवटी म्हणाले. "वाकडी हाय."

"आखल्यावानी म्हनायचा की."

"म्हनायचो. कधी नीट बगितलीच न्हाई. नावंत मानसं मोजायचो मी. कोन पडू ने म्हनून."

"वाकडी म्हंजी कशी?"

त्यांना सांगता येईना. मग त्यांनी आत्याबाईंचा हात आपल्या मांडीवर उताणा घेतला, पुन्हा एकदा पाण्याकडे बघून घेतलं आणि बोटानं त्यांच्या तळव्यावर ती रेघ काढली. मनगटाकडून निघून आधी अंगठ्याच्या बाजूला वळलेली, मग मधे एक बाक घेऊन करंगळीकडे गेलेली. "अशी," ते म्हणाले. "हितं येक काठी तरंगतीया. हितं जरा मिसळल्यागत झालंय." आत्याबाई मान खाली घालून तळव्याकडे तोंड करून बसल्या होत्या, दिसत असल्यासारख्या. "पुन्यांदा," त्या म्हणाल्या. त्यांनी पुन्हा काढली.

मग वेणीदान. घाटावरून बरोबर घेतलेल्या भटजींनी हळद-कुंकू लावून संकल्प सांगितला. मामंजींनी पिशवीतून कात्री काढली. किती जणांना शिकवलं होतं त्यांनी, दावं वळता तसंच म्हणून. आत्याबाईंचा अंबाडा सुटला, पांढरे केस पाठीवर आले, आणि त्या केसांत हात घातल्यावर मामंजींना तीन पेड जमेनात. दोन धरले की तिसरा सुटायचा. आत्याबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "डावा मधी घ्या. आता उजवा. वढा जरा, तुटत न्हाईत." डोळ्यांनी न दिसणारी बाई दिसणाऱ्याला शिकवत होती, आणि तो डोळे पुसत शिकत होता. वेणी वेडीवाकडी झाली. शेंडा कातरून त्यांनी पाण्यात सोडला.

"बुडला का?" आत्याबाईंनी विचारलं.

"बुडला," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. तो जरा वेळ तरंगत गेला आणि दुसऱ्या एका नावेआड दिसेनासा झाला. म्हणजे बुडालाच असेल.

परत आल्यावर त्या वेणीची सवय राहिली. रोज सकाळी दार उघडून, मंडळी यायच्या आधी, मामंजी आत्याबाईंची वेणी घालायचे, पुढच्या खोलीत, उजेडाला बसून. गल्लीतले लोक हसले आणि हसून दमले. आत्याबाई आता पडद्यामागे नसायच्या. पाटाशेजारीच बसायच्या. पाऊसपाणी बरं झालं तशी मंडळी पुन्हा यायला लागली. मामंजींनी एक रीत बदलली. मनाची सुपारी आता पहिली मांडायची, देवांच्या आधी. कुणी कुरकुरलं तर ते म्हणायचे, "देव थांबत्यात."

एकदा पाथर्डीकडचं एक जोडपं मंडळीबरोबर आलं. सुपाऱ्या मांडून झाल्या तेव्हा तो गडी म्हणाला की बायको या खेपेला येणार नाही. "हिचा मोतीबिंदू हाय. पिकला की काढू. मग पुढच्या साली न्या तिला, लख्ख दिसंल." बाई बिचारी मान हलवत होती.

मामंजींनी पाटावर आडवा हात फिरवला. सुपाऱ्या, दाणे सगळं सतरंजीवर सांडलं. मंडळी दचकून मागे सरकली. "यात्रा न्हाई," ते म्हणाले. "आधी डॉक्टर. आत्ता. चला, मी येतो." आणि खरोखरच चपला घालून त्या दोघांना घेऊन गेले. बाकीची मंडळी चिडून दुसऱ्या यात्रावाल्याकडे गेली, ती परत आली नाही.

त्या बाईचा खरंच मोतीबिंदू निघाला. साधा. काढला, चष्मा लागला, आणि वर्षानं आमच्याच एका मंडळीबरोबर ती जोडीनं प्रयागला जाऊन आली. आल्यावर गंगेच्या पाण्याचा गडू आणि खडीसाखर घेऊन ती आत्याबाईंना भेटायला आली. पाया पडली, म्हणाली, "आक्का, तुमच्या मालकांमुळं रेघ बगाया मिळाली."

आत्याबाईंनी तिचा चेहरा हातांनी चाचपला, चष्म्याच्या काचांपर्यंत. "कशी हुती?" त्यांनी विचारलं.

"सरळ की वो. आखल्यावानी."

आत्याबाईंनी आपला तळवा उताणा केला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यावरून फिरवलं, मनगटाकडून निघून, अंगठ्याकडे वळून, मधला बाक घेऊन, करंगळीपर्यंत.

"आमी बगितली तवा वाकडी हुती," त्या म्हणाल्या.

मामंजी उठले आणि पडदा बाजूला सारून आतल्या खोलीत गेले. मी चहा ठेवायला त्यांच्या मागे गेले, तर ते चुलीपाशी भिंतीकडे वळून उभे होते, उपरण्याचा बोळा तोंडात धरून.